कोर्टांतील ओळखीचे शब्द

कायद्याचें अज्ञान ही सबब कोर्टांत चालत नाहीं, हें वाक्य आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. वाक्य खरें आहे. परंतु त्याची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. अज्ञानाची सबब ऐकून घ्यावयाची नाहीं असें ज्या राज्यानें ठरविलें, त्या राज्यावर आपला कायदा लोकांस समजेल अशा भाषेंत सांगण्याची जबाबदारीही येऊन पडते. इंग्रजांनीं ती पाळली नाहीं याचें नवल नाहीं. त्यांस येथें राज्य करावयाचें होतें, शिकवावयाचें नव्हतें. परंतु स्वराज्य येऊन पाऊण शतक उलटलें तरी ती पुरी झालेली नाहीं, याचा विषाद वाटल्यावांचून राहत नाहीं. महाराष्ट्रांतील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी राहील असें १९९८ सालीं जाहीर झालें, आणि पुष्कळ ठिकाणीं साक्षीपुरावा मराठींत लिहिलाही जातो. तरी मुंबईच्या उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींतच चालतें, आणि बँकेच्या, विमा कंपनीच्या व इमारती बांधून विकणाराच्या ज्या छापील कागदांवर सामान्य गृहस्थ सह्या करतो, ते कागदही बहुधा इंग्रजींतच असतात.

परंतु आज आम्हांस इंग्रजी शब्दांविषयीं लिहावयाचें नाहीं. जो शब्द अजिबात कळत नाहीं त्यापाशीं मनुष्य थबकतो; चार जाणत्यांस विचारतो, फार तर वकिलाची फी भरतो. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनीं. जामीन, फिर्याद, समन्स, मुदत, साठेखत, सातबारा, हे शब्द आमच्या घरांत व पेढीवर इतके रुळलेले आहेत कीं, त्यांचा अर्थ कोणास विचारावा असें कोणाच्या मनांतच येत नाहीं. त्यांतील पुष्कळसे फारसी दरबाराबरोबर आले, आणि शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरीही ते मराठीच्या अंगवळणीं पडून गेले. आतां त्यांस हांकलून देण्यांत अर्थ नाहीं. परंतु या शब्दांचा बाजारांतला अर्थ एक आणि कोर्टांतला दुसरा, आणि या दोहोंमधील दरींत दरवर्षीं कित्येक चांगलीं घरें पडतात, हें आम्ही वकिलीच्या धंद्यांत पाहत आलों आहों.

सर्वांत आधीं जामीन हा शब्द घ्यावा, कारण त्यानें जितकी भिडस्त माणसें बुडालीं तितकीं क्वचितच दुसऱ्या कशानें बुडालीं असतील. समजा, भुसार बाजारांतील एका दुकानदाराचा मेहुणा ट्रक घेण्यासाठीं दहा लाखांचें कर्ज काढतो. बँक म्हणते, जामीनदार आणा. मेहुणा म्हणतो, "दाजी, नुसती सही पाहिजे, पैसे फेडणार मीच आहें." दाजी सही करतात. त्यांच्या मनांत अशी समजूत असते कीं, आपण मेहुण्याच्या सचोटीची ग्वाही दिली. उद्यां त्यानें पैसे थकविले तर बँक प्रथम त्याच्या मागें लागेल, त्याचा ट्रक विकील, त्याचें घर विकील, आणि एवढ्यानेंही भागलें नाहीं तर शेवटीं आपणांस विचारील. ही समजूत मुळापासून चुकीची आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें १२८ वें कलम असें सांगतें कीं, करारांत निराळें ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीएवढीच असते. एवढीच म्हणजे त्याच्या मागून येणारी नव्हे, त्याच्या बरोबरीची. ऋणकोनें हप्ता चुकविला कीं, त्याच दिवशीं धनकोला जामीनदाराचें दार ठोठावतां येतें. बिहारमधील एका बँकेच्या दाव्यांत खालच्या कोर्टानें, आधीं ऋणकोकडून वसुलीचे सारे उपाय करा आणि मग जामीनदाराकडे या, असा हुकूम केला होता. पाटण्याच्या उच्च न्यायालयानें तो कायम केला. परंतु सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. त्या निकालाचें तात्पर्य असें कीं, धनकोला थांबावयास सांगितलें तर जामीन घेण्याचा हेतूच फसतो. हा निकाल १९६९ च्या कायदेपत्रांत प्रसिद्ध झाला व आजही प्रमाण मानला जातो.

आतां कायदा जामीनदारास अगदींच उघड्यावर टाकतो असेंही नाहीं. धनकोनें व ऋणकोनें जामीनदारास न विचारतां आपसांत कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. त्यानें सारें कर्ज फेडलें तर धनकोचे ऋणकोवर असलेले सर्व हक्क व तारण त्याच्या हातीं येतें, आणि त्यास ऋणकोवर वसुलीचा दावा लावतां येतो. परंतु येथेंच छापील कागदाची करामत आहे. बँकांच्या जामीनपत्रांत बहुधा एक लांबलचक कलम असतें, व त्यांत जामीनदार हे सर्व बचाव आपण होऊन सोडून देतो असें लिहिलेलें असतें. म्हणजे कायद्यानें एका हातानें दिलेलें आपण सही करून दुसऱ्या हातानें परत करतों, आणि तें काय होतें हेंही आपणांस ठाऊक नसतें! शिवाय पुष्कळ जामीनपत्रें 'चालू' स्वरूपाचीं असतात. म्हणजे आजच्या दहा लाखांपुरतीं नव्हेत, तर त्या खात्यावर ठरलेल्या रकमेपर्यंत पुढेंही जें येणें होईल त्या सर्वांसाठीं. अशा जामिनकीची नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती ती थांबवितां येते. पण नोटीस लेखी असावी, आणि ती पोंचल्याची पावती जपून ठेवावी. जामीनदाराच्या मृत्यूनेंही, निराळा करार नसेल तर, पुढील व्यवहारांची जबाबदारी थांबते. मागची मात्र त्याच्या इस्टेटीवर राहते.

याच शब्दाचा दुसरा अर्थ फौजदारी आहे. मनुष्य पकडला गेला म्हणजे त्यास 'जामिनावर' सोडतात. हा जामीन पैसे फेडण्याचा नव्हे, हजर राहण्याचा. आमच्या जुन्या शास्त्रकारांनीं हा भेद फार स्वच्छ केला होता. याज्ञवल्क्यस्मृतींत जामीनदारास प्रतिभू म्हटलें असून त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: माणसास हजर करणारा, त्याच्या विश्वासूपणाची हमी देणारा, आणि त्याचें देणें स्वतः देणारा. आमचे दाजी सही करतांना स्वतःस दुसऱ्या प्रकारचे समजत होते. कागद तिसऱ्या प्रकारचा होता. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथांतला हा भेद बँकेच्या कारकुनास दोन वाक्यांत समजावून सांगतां येऊं नये, हें मोठें आश्चर्य होय.

फौजदारी जामिनाविषयींही एक गैरसमज घरोघर आहे. गुन्हा 'अजामीनपात्र' आहे असें पोलिसांनीं सांगितलें कीं, घरचीं माणसें रडूं लागतात. त्यांस वाटतें कीं, आतां खटला संपेपर्यंत सुटका नाहीं. वस्तुतः जामीनपात्र गुन्ह्यांत जामिनावर सुटणें हा आरोपीचा हक्क असतो, आणि अजामीनपात्र गुन्ह्यांत तें न्यायाधीशाच्या विचारावर अवलंबून असतें, एवढाच त्याचा अर्थ. अटक होण्याचें भय असेल तर आधींच सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे अर्ज करतां येतो. त्यास अटकपूर्व जामीन म्हणतात. अटक झालीच तर तिचें कारण सांगितलें पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. हा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या कलमानें दिलेला आहे, कोणा फौजदाराच्या मेहेरबानीनें नव्हे. अलीकडे कांहीं भामटे टेलिफोनवर पोलिसाचा वेष दाखवून 'डिजिटल अटक' झाल्याचें सांगतात, आणि शिकलेल्या माणसांस तासन्‌तास घरांत कोंडून त्यांच्याकडून लाखों रुपये उकळतात. आमच्या वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. टेलिफोनवर अटक होत नाहीं, आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यांत टाकून सुटकाही होत नाहीं.

फिर्याद आणि दावा यांचा घोटाळा व्यापारी वर्गांत फार. दावा दिवाणी, फिर्याद फौजदारी. दाव्यांत वादी व प्रतिवादी असतात, आणि शेवटीं पैसे, जमीन किंवा एखादें कृत्य करण्याचा वा न करण्याचा हुकूम मिळतो. फिर्यादींत आरोपी असतो, आणि शेवटीं शिक्षा होते किंवा सुटका होते. दाव्यांत कोणाची बाजू अधिक संभवनीय हें पाहून निकाल देतात. खटल्यांत वाजवी शंकेस जागा न उरेल इतका पुरावा लागतो. म्हणून एकाच व्यवहारावरून मनुष्य फौजदारींत निर्दोष सुटतो आणि दिवाणींत पैसे भरतो, यांत विसंगत असें कांहीं नाहीं.

येथें व्यापाऱ्यांची तक्रार आम्हांस ठाऊक आहे. उधारी थकली, दिवाणी कोर्टांत वर्षानुवर्षें तारखा पडणार, तेव्हां पोलिसांत 'चारशेंवीस' दाखल करावी, एका दिवसांत पैसे निघतात, असें ते म्हणतात. (चारशेंवीस हा शब्द लोकांच्या तोंडीं राहिला, कलम मात्र गेलें. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आहे, आणि तींत ठकवणुकीचें कलम ३१८ आहे.) परंतु माल घेतला व पैसे दिले नाहींत एवढ्यानें ठकवणूक होत नाहीं, माल घेतेवेळींच बुडविण्याचा इरादा होता असें दिसावें लागतें. निव्वळ दिवाणी तंट्यास फौजदारी वेष चढवूं नये असें सर्वोच्च न्यायालयानें अनेकदां बजावलें आहे. पोलीस हे वसुलीचे गुमास्ते नव्हेत. आज जो व्यापारी त्यांस तसें वापरतो, त्याच्याच विरुद्ध उद्यां दुसरा कोणी तसें वापरील, हें दिवाणी कोर्टाच्या दिरंगाईवर रागावलेल्या आमच्या मित्रांनीं विसरूं नये. न वटलेल्या चेकचा मार्ग निराळा आहे. तेथें बँकेकडून खबर मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती पोंचल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आले तर त्यापुढील एका महिन्यांत मॅजिस्ट्रेटाकडे फिर्याद करावी. यांत नोटिशीची तारीख चुकली कीं, फिर्याद लंगडी पडते.

पोलीस ठाण्यावर गेल्यास आणखी दोन शब्द कानीं येतात: दखलपात्र व अदखलपात्र. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. दखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस आपण होऊन करूं शकतात. अदखलपात्राचा तपास मॅजिस्ट्रेटाच्या हुकुमाशिवाय करूं शकत नाहींत. दखलपात्र गुन्ह्याची हकीकत सांगितल्यावर ती नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें २०१३ सालीं ठरविलें. कौटुंबिक तंटे, व्यापारी व्यवहार अशा कांहीं प्रकरणांत थोडी प्राथमिक चौकशी करण्यास मुभा आहे. नोंदलेल्या खबरीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

आतां समन्स. आमच्या पेठांतून असा एक समज आहे कीं, बेलिफ आला असतां घरीं नसल्याचें सांगावें किंवा कागद घेण्याचें नाकारावें, म्हणजे दावा लांबतो, कदाचित् मोडतोही. समन्स हें कांहीं शिक्षेचें पत्र नव्हे. अमुक दिवशीं येऊन आपलें म्हणणें सांगा, असें तें कोर्टाचें बोलावणें आहे. तें नाकारलें तर बेलिफ त्याची प्रत दारावर चिकटवितो व तसा अहवाल देतो. टपालानें आलेलें नाकारल्यास कोर्टास तें पोंचलें असें धरतां येतें. मग नेमल्या दिवशीं प्रतिवादीचा पुकारा होतो, तो हजर नसतो, आणि दावा एकतर्फी चालतो. वादी सांगेल तें खोडून काढावयास कोणी नसतें. ज्या दाव्यांत साधी पावती दाखविली असती तर वादी हात चोळीत परत गेला असता, तेथें पुऱ्या रकमेचा हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यास गैरहजेरीचें सबळ कारण दाखवून तीस दिवसांच्या आंत अर्ज करावा लागतो, आणि 'मी समन्स घेतलें नाहीं' हें कांहीं सबळ कारण नव्हे. तेव्हां समन्स घ्यावें, त्यावरील तारीख वाचावी, आणि पोंचल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत वाढवूं शकतें, परंतु तीही सामान्यतः नव्वद दिवसांपलीकडे नाहीं.

मुदतीचा प्रश्न सर्वांत कठीण, आणि देणेंघेणें करणाऱ्या लोकांस सर्वांत महत्त्वाचा. 'मागाल तेव्हां देईन' अशी वचनचिठ्ठी पुष्कळांच्या तिजोरींत असते. धनको समजतो कीं, आपण मागूं त्या दिवसापासून मुदत मोजली जाईल, आणि म्हणून निश्चिंत बसतो. कायदा तसें मोजीत नाहीं. मागणीबरोबर फेडावयाच्या साध्या वचनचिठ्ठीची तीन वर्षें चिठ्ठीच्या तारखेपासूनच चालूं लागतात. मालाची उधारी असेल व फेडीचा वायदा ठरला नसेल, तर माल दिल्या दिवसापासून तीन वर्षें; वायदा ठरला असेल तर तो सरल्यापासून. मुदत टळल्यावर आणलेला दावा प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी कोर्टानें स्वतः फेटाळावा, असें १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचें ३ रें कलम आहे. याचा अर्थ कर्ज नाहींसें झालें असा नव्हे. कर्ज आहे; तें कोर्टांतून वसूल करण्याचा मार्ग बंद झाला. म्हणूनच मुदतीबाहेरचें कर्ज ऋणकोनें आपखुषीनें फेडलें, तर तें मुदतीबाहेर होतें म्हणून परत मागतां येत नाहीं.

मुदत वाढविण्याचे दोन साधे उपाय आहेत, आणि जुने पेढीवाले ते नेमके जाणत. एक, मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें येणें असल्याची लेखी कबुली सहीनिशीं द्यावी. कबुलीच्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. खात्याची बाकी काढून तिच्याखालीं सही घेण्याची जी चाल, तिचें मर्म हेंच. दुसरा, मुदतींत कांहीं रक्कम वसूल व्हावी, आणि ती दिल्याचा लेख देणाराच्या हातचा किंवा सहीचा असावा. नुसत्या तोंडच्या 'देतों, पुढच्या महिन्यांत देतों' यास कायद्यांत कवडीची किंमत नाहीं. मुदत संपून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाहीं. तेव्हां 'मी ही रक्कम फेडीन' असें स्पष्ट लेखी वचन सहीनिशीं हवें.

या तीन वर्षांच्या मुदतीनें आमच्या दख्खनचा इतिहास एकदां हालविला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १८५९ सालीं इंग्रज सरकारानें साध्या रोख्यांस तीन वर्षांची मुदत घातली. हेतु बरा होता. जुन्यापान्या कर्जांचा ससेमिरा कुणब्याच्या मागें राहूं नये. परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली कीं, सावकार व्याजासकट बाकी मुद्दलांत घालून नवा रोखा लिहून घेई, आणि अक्षरशत्रु शेतकरी त्यावर निशाणी करी. तीन वर्षांनीं पुन्हां तेंच. ज्यास रोखा वाचतां येत नव्हता, त्यास कोर्टाचें समन्सही वाचतां येत नव्हतें; तो हजर होत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामे होत. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोक सावकारांच्या घरांवर व दुकानांवर उठले, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गांवांत पसरलें. त्या दंग्यांत लोकांचा विशेष रोख दौलतीपेक्षां कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे मागून घेऊन ते जाळीत. सरकारास चौकशी कमिशन नेमावें लागलें, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करून, कोर्टानें नुसता रोखा पाहूं नये, त्याच्या मागील मूळ व्यवहार खणून पाहावा, असें ठरवावें लागलें. त्या काळीं आंगठा उठविणारा निरक्षर होता. आज आमचा साक्षर गृहस्थ चाळीस पानांच्या इंग्रजी करारावर पेन्सिलीनें फुली केली असेल तेथें तेथें सही करतो, आणि न वाचतां करतो. तेव्हां त्याची सही व त्या कुणब्याची निशाणी यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

जमिनीच्या कागदांची कथा याहून लांब आहे. तींतल्या मुख्य तीन गोष्टी सांगून पुढें जातों. पहिली, साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. साठेखत हा पुढें खरेदी करण्याचा करार आहे. त्यानें जमिनींत मालकी येत नाहीं, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याच्या ५४ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. विकणारा मागें फिरला तर करार पुरा करून घेण्याचा दावा लावतां येतो, एवढेंच. शंभर रुपये किंवा अधिक किंमतीच्या स्थावराची मालकी नोंदलेल्या खरेदीखतानेंच बदलते. दुसरी, कुलमुखत्यारपत्र घेऊन जमीन 'घेतली' असें म्हणणारे लोक शहरांच्या कडेकडेनें शेंकडों आढळतात. मुखत्यार हा मालकाचा हात आहे, मालक नव्हे. आणि मालक वारला कीं, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्यांत नसेल तर तें पत्र सामान्यतः संपतें. अशा मुखत्यारपत्रानें व साठेखतानें मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं ठणकावून सांगितलें आहे. तिसरी गोष्ट सातबाऱ्याची. गांवनमुना सात व गांवनमुना बारा मिळून हा उतारा होतो. तो महसुलाचा कागद आहे. त्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, आणि म्हणून तिला किंमत आहे. परंतु नोंद हें मालकीचें मूळ नव्हे. मालकी खरेदीनें, वारशानें, वाटणीनें, बक्षिसानें येते, आणि नोंद तिच्या मागून येते. सातबाऱ्यावर नांव लागलें म्हणून निजूं नये, आणि गळालें म्हणून बुडालों असेंही समजूं नये. मात्र फेरफाराची नोटीस आली तर हरकत त्याच वेळीं लेखी द्यावी. आणि स्टॅम्प पेपरविषयीं जो भक्तिभाव आमच्या लोकांत आहे, त्याबद्दलही एक शब्द: स्टॅम्प हा कर आहे, तो लावल्यानें खोटें खरें होत नाहीं, आणि नोटरीच्या शिक्क्यानें खरेदीखत होत नाहीं.

दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले, ही समजूत तर दर नव्या वादीची असते. कोर्ट देतें तो हुकूमनामा. त्याची बजावणी करून घेण्यास पुन्हां दरखास्त द्यावी लागते, आणि प्रतिवादीची मालमत्ता कोठें आहे हें वादीनेंच दाखवावें लागतें. हिंदुस्थानांतील वादीच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलनें १८७२ सालींच काढले होते. दीडशें वर्षांनंतरही ते शिळे झालेले नाहींत. पैशाच्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीस बारा वर्षांची मुदत आहे. ऋणकोच्या बाजूनें पाहतां, अंगावरचे कपडे, जरूर तीं भांडीं व अंथरूण, धर्माप्रमाणें स्त्रीनें अंगावेगळे करूं नयेत असे दागिने, कारागिराचीं हत्यारें, आणि शेतकऱ्याचीं औतें व उपजीविकेस लागणारीं गुरें जप्त करतां येत नाहींत. बेलिफ दारीं आला असतां मंगळसूत्र काढून देणाऱ्या बाईस हें कोणी तरी सांगितलें पाहिजे.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. सारा कायदा एका दिवसांत मराठींत आणा असें आम्ही म्हणत नाहीं. आणि संस्कृत शब्दांची अशी मराठी घडवूं नका कीं तिला पुन्हां भाषांतर लागेल, हेंही आतांच सांगून ठेवतों. परंतु प्रत्येक जामीनपत्राच्या माथ्यावर ठळक मराठींत इतकें तरी छापावें: 'ऋणकोनें पैसे न दिल्यास ते आपणांकडून मागितले जातील, आणि त्यापूर्वीं ऋणकोवर दावा लावणें धनकोवर बंधनकारक नाहीं.' जामीनदारानें तें वाचून त्याखालीं निराळी सही करावी, आणि कागदाची एक प्रत त्याच्या हातीं पडावी. तसेंच प्रत्येक समन्सावर, हजर न राहिल्यास काय होईल, हें शाळेंतल्या मुलास कळेल अशा चार ओळींत छापावें. यास नवा कर नको कीं नवें खातें नको. छापखान्यांत दोन ओळी वाढतील. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती ज्या राज्यास करतां येते, त्यास ही सक्ती जड जाऊं नये. आमच्या गांवोगांवच्या व्यापारी मंडळांनीं व वकील संघांनीं या मागणीचे ठराव करून सरकाराकडे व रिझर्व्ह बँकेकडे पाठवावे.

ज्यांस वकिलाची फी परवडत नाहीं त्यांच्यासाठीं १९८७ च्या कायद्यानें तालुक्यापासून विधि सेवा समित्या नेमलेल्या आहेत. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कामगार व अटकेंत असलेलीं माणसें यांस तेथें उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. याच कायद्याखालीं भरणाऱ्या लोकअदालतींत उभयपक्षीं तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. परंतु त्या तडजोडीस हुकूमनाम्याचें बळ असतें व तिच्यावर अपील चालत नाहीं, म्हणून तेथील कागदही सही करण्यापूर्वीं वाचून घ्यावा. समितीची कचेरी न्यायालयाच्या आवारांतच असते. मृत्युपत्र, वारसदाखला व नॉमिनी हे तीन शब्द आम्ही जाणूनबुजून राखून ठेवले आहेत. त्यांविषयीं पुढील अंकीं लिहूं.